अकरा पायऱ्या, दोन दिवे

घर अडतीस चौरस मीटर,
त्यातले चार जिन्याने खाल्लेले.
"जिना काढता येईल का?" नोल्फाने विचारलं.
मी म्हटलं, काढला तर वर झोपलेला नवरा
कायमचा वर राहील.
ती थोडा वेळ खरंच विचारात पडली.

वाल्पराइसोत सगळंच असं, टेकडीला नखांनी धरून.
रंगवलेल्या पत्र्याची घरं, खाली बंदर, क्रेनांच्या माना,
आणि चढावर लोखंडी दोराचे ते दोन डबे,
एक उतरतो तेव्हाच दुसरा चढतो,
दोघांचं मिळून एकच वजन.

जिना ठेवला. पायऱ्यांना खण केले.
पहिलीत बटाटे.
चौथीत लोकरीचे गुंडे, सुया, न जमलेला एक बाही नसलेला स्वेटर.
सहावीत विजेची बिलं, भरलेली न भरलेली एकत्र.
येर्को म्हणाला, येताजाता पाय पडतो त्यांच्यावर, बरं वाटतं.
नववीत तुळई आडवी आली,
खण झाला जेमतेम चार बोटं खोल.
हे कशासाठी, नोल्फाने विचारलं.
जे अजून घरात आलेलं नाही त्यासाठी, मी म्हटलं.
आमच्या धंद्यात चूक अशीच विकतात.

प्रत्येक खणाला लाकडी खिटी, तिच्यावर शिशाची गोटी.
जमीन हलली की गोटी घरंगळते, खिटी पडते, खण बंद.
इथे धरणी अधूनमधून कूस बदलते
आणि लोक बोलणं न थांबवता
फक्त कप हातात धरतात.
नववीला खिटी लावली नाही. रिकाम्याला कशाला?

भांडण उजेडावरून होतं.
तो काडेपेटीएवढी जहाजं बांधतो,
चिमट्याने डोलकाठी उभी करतो, त्याला लख्ख हवा.
ती न बघता विणते, तिला डोळ्यांवर नको.
मग छतात एक कप्पी, एक दोर, दोन टोकांना दोन दिवे:
त्याने ओढला की तिचा वर,
तिने ओढला की त्याचा.
बटण मात्र एकच. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं.
शेड कोचायुयोच्या. किनाऱ्यावर पट्ट्यांसारखं येऊन पडतं ते जाड शेवाळ,
ओलं असतानाच साच्यावर ताणायचं,
आठवड्याने चामड्यासारखं कडक होतं, काकवीच्या रंगाचं.
धुकं आलं की जरा मऊ पडतं
आणि घरभर ओहोटीचा वास.
हा दोष मी आधीच सांगितला होता.
पैसे कमी केले नाहीत.

दोन हिवाळे त्यांनी उजेडाची रस्सीखेच केली.
मग येर्को उत्तरेला तांब्याच्या खाणीत लागला,
चौदा दिवस तिकडे, सात घरी.
नोल्फाचा फोन आला: दिवा बिघडलाय.

बिघडला नव्हता.
तिने आपला खाली घेतला की त्याचा छताला टेकायचा
आणि छत दिसायचं:
ओलीचा नकाशा, कोळिष्टकं, गंजलेली खिळ्यांची रांग.
"वीस वर्षं राहते इथे, हे कधी बघितलं नव्हतं."
वेगळं बटण करून देते, मी म्हटलं, दोन तासांचं काम.
पिशवीतून पक्कड काढली.
नको म्हणाली.
ओल काढणाऱ्या माणसाचा नंबर मागितला.
मी तो लिहून देत होते

तेव्हाच हललं. फार नाही.
दोन्ही दिवे एकमेकांना विचारल्यासारखे वरखाली झाले
आणि जिन्यात खिट्या पडू लागल्या,
खालून वर, एकेक,
टक, टक, टक,
कामावरून कुणी आलं आणि बूट न काढताच वर निघालं तशा.
नोल्फाने मान वळवून बघितलं.
आठवीपर्यंत आलं, मग एक आवाज गाळला,
मग दहावी, अकरावी.

नववी आपोआप पुढे सरकली होती.
आत लोकरीच्या तुकड्यांवर आडवी ठेवलेली
सात जहाजं, डोलकाठ्यांसकट,
चार बोटांत नेमकी बसलेली.

उद्या येऊन खिटी बसवते, मी म्हटलं.
तिने पायाने खण लोटला, अर्धाच,
आणि विचारलं, चहात साखर किती.